पत्ता नसलेली दवंडी

आधुनिक मोटारीचा कारभार एकच मोठा संगणक हाकतो, असा समज जाहिरातींनी रूढ केला असला, तरी प्रत्यक्षात इंजिन, ब्रेक, एअरबॅग, दारे अशा कामांसाठी स्वतंत्र नियंत्रक, म्हणजे गॅरेजमध्ये ज्यांना ‘ईसीयू’ म्हणतात ते छोटे संगणक, बसवलेले असतात. चाकाचा वेग मोजणाऱ्या संवेदकाची माहिती ब्रेकच्या नियंत्रकाकडे येते. परंतु ती इंजिनाला आणि वेगदर्शकालाही हवी असल्याने, प्रत्येक जोडीसाठी वेगळी तार टाकल्यास तारांचे वजन आणि बिघाडाच्या जागा दोन्ही वाढत जातात.

बॉश या जर्मन कंपनीतील उवे किंके, झीगफ्रीड डाइस आणि मार्टिन लित्शेल यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे मांडलेल्या ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ अर्थात ‘कॅन’ या पद्धतीत सर्व नियंत्रक पीळ घातलेल्या दोन सामाईक तारांना जोडलेले असतात. बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो आणि ग्राहक-मंडल केवळ त्यांच्या विद्युतदाबांतील फरक वाचत असल्याने तो गोंगाट वजा होतो. येथील संदेशावर पत्ता नसतो; गावात दवंडी पिटावी तसा तो सर्वांच्या कानी पडतो आणि ज्याचा संबंध असेल तो नियंत्रक त्याची दखल घेतो.

दोघांनी एकाच क्षणी बोलायला सुरुवात केली, तर काय होते, हा या रचनेचा सर्वांत देखणा भाग आहे. प्रत्येक संदेशाच्या आरंभी ११ बिटांचा (विस्तारित रूपात २९ बिटांचा) ओळखक्रमांक असतो. ‘०’ पाठवणारा तारांवर विद्युतदाबाचा फरक निर्माण करतो, तर ‘१’ पाठवणारा त्या मोकळ्या सोडतो. त्यामुळे दोन्ही एकत्र आल्यास ‘०’ उरतो, आणि आपण ‘१’ पाठवूनही तारेवर ‘०’ आहे, हे दिसताच दुसरा नियंत्रक निमूटपणे थांबतो. जिंकलेल्या संदेशाचा एकही बिट बिघडत नाही, वेळही वाया जात नाही. लहान क्रमांक, म्हणजे अधिक निकडीचे काम, आपोआप पुढे जाते. पंच नसलेला हा निवाडा एवढ्या साध्या विद्युत-मंडलातून साधावा, याचे कौतुक ‘स्मार्ट’ पडद्यांच्या गाजावाजात क्वचितच होते.

मात्र दवंडी पिटणारा कोण, याची खातरजमा करण्याची सोय मूळ रचनेत नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक यांनी मोबाइल जाळ्यातून एका जीप चेरोकीच्या मनोरंजन-यंत्रणेत शिरून तिच्याकरवी या तारांवर बनावट संदेश सोडले; त्यानंतर फियाट क्रायस्लरने सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली. मूळ ‘कॅन’ संदेशात जेमतेम ८ बाइट माहिती मावत असल्याने त्यात सांकेतिक स्वाक्षरीला पुरेशी जागा मिळणे कठीण होते. २०१२ मधील ‘कॅन एफडी’ या सुधारित आवृत्तीत ती मर्यादा ६४ बाइटपर्यंत वाढली आहे.