घरच्या मैदानाची प्रतीक्षा

म्हैसूर म्हटले की दसऱ्याची मिरवणूक, चंदनाचा साबण आणि चामुंडीची टेकडी ही आपल्या मनात येतात. या शांत, विद्याव्यासंगी नगरीने भारताला एक द्रुतगती गोलंदाज द्यावा, हे थोडे नवलाचेच. फिरकी गोलंदाजांची गोष्ट निराळी. चंद्रशेखर म्हैसूरचेच, आणि एरापल्ली प्रसन्न यांनी तर १९६२ सालचा वेस्ट इंडीजचा दौरा आटोपताच खेळ बाजूस ठेवून याच नगरीत अभियांत्रिकीची पदवी पुरी केली. कसोटी संघात ते परतले १९६७ मध्ये! मुलाच्या हाती आधी पदवी असावी, हा मध्यमवर्गीय घरांचा आग्रह किती बळकट असतो, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

जवागल श्रीनाथ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९६९ रोजी म्हैसूर येथे झाला. शिक्षण मरिमल्लप्पा विद्यालयात, आणि पुढे श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालयात. विषय उपकरण-तंत्रज्ञान, म्हणजे दाब, तापमान, वेग यांचे अचूक मापन. अंगकाठी सडपातळ, उंची सहा फुटांहून अधिक, आणि चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाकडे झपकन आत येणारा. गुंडप्पा विश्वनाथ यांच्या पारखी नजरेने हा तरुण हेरला. १९८९-९० च्या हंगामात हैदराबादविरुद्ध कर्नाटकाकडून पदार्पण करताच पहिल्याच डावात त्याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. (गोलंदाज हा शब्द आपल्या भाषेने तोफखान्याकडून घेतला. फिरकीवाल्यांना तो फारसा शोभत नाही. येथे मात्र चपखल बसतो.)

दोनच वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९९१ रोजी, ब्रिस्बेन येथे त्याला कसोटीची टोपी मिळाली. ऑस्ट्रेलियातील अशा विस्तीर्ण मैदानांवर हिवाळ्यात त्या देशाचा स्वतःचा फुटबॉल खेळला जातो. १८५८-५९ च्या सुमारास तो घडवला मेलबर्नच्या क्रिकेटपटूंनीच. हिवाळ्यात अंग सुस्तावू नये एवढाच प्रारंभीचा हेतू! तिकडचा धिप्पाड तरुण दोन्ही खेळांत शरीर कमावतो. आपला म्हैसूरचा बावीस वर्षांचा विद्यार्थी त्याच भूमीवर उभा राहिला आणि पहिल्या डावात ५९ धावांत त्याने तीन गडी टिपले. भारताने मालिका ४-० अशी गमावली. परंतु वेगवान गोलंदाज सापडला, असे सर्वांनाच वाटले.

येथून पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. १९९३ आणि १९९४ च्या प्रारंभी भारत मायदेशी सात कसोटी सामने खेळला : तीन इंग्लंडशी, एक झिंबाब्वेशी, तीन श्रीलंकेशी. श्रीनाथ त्यांतील एकाही सामन्यात नव्हते. नवा चेंडू कपिल देव आणि प्रभाकर यांच्या हाती, आणि एकदा तो जुना झाला की कुंबळे, राजू व चौहान यांची फिरकी. तिसऱ्या द्रुतगती गोलंदाजास जागा उरावी कोठून? शिवाय गाऱ्हाणे करण्यासही वाव नव्हता, कारण भारताने ते सातही सामने जिंकले. परदेशी खेळावयाचे आणि घरी पाणी घेऊन धावावयाचे! चोविशीतल्या गोलंदाजाचे एकेक वर्ष म्हणजे केवढे भांडवल असते, याचा विचार निवड करणाऱ्यांनी केला होता की नाही, कोण जाणे.

कपिल देव निवृत्त झाल्यावर, नोव्हेंबर १९९४ मध्ये, मुंबईच्या वानखेडे मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांना मायदेशातील पहिली कसोटी लाभली. त्यांनी सामन्यात पाच गडी बाद केले आणि दुसऱ्या डावात ६० धावाही काढल्या. भारत ९६ धावांनी विजयी झाला. पुढील वर्षी कोर्टनी वॉल्श यांच्या जागी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्याकडून खेळताना त्यांनी ८७ गडी मिळवले. नोव्हेंबर १९९६ मध्ये अहमदाबादच्या संथ खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेला १७० धावा हव्या होत्या. सारे फिरकीकडे डोळे लावून बसले असता श्रीनाथ यांनी २१ धावांत सहा गडी घेतले आणि पाहुण्यांचा डाव १०५ धावांत आटोपला.

एवढ्या श्रमांचे मोल खांद्याने मागितले. १९९७ चा बराचसा काळ दुखापतीत गेला. तरीही ते परतले, आणि २००२ पर्यंत ६७ कसोटींत त्यांचे २३६ गडी झाले. त्यांतले १३ एकाच सामन्यातले. फेब्रुवारी १९९९, कोलकाता, प्रतिपक्ष पाकिस्तान. तो सामना मात्र भारताने ४६ धावांनी गमावला.