थिसलगॉर्मच्या पोटात

६ ऑक्टोबर १९४१. मध्यरात्रीनंतर तांबड्या समुद्रात जर्मन बॉम्बहल्ल्यात ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडालं. सुमारे ३० मीटर खोल तळाशी ते आजही आहे. पोटात मोटारसायकली, ट्रक, सैनिकांचे बूट.

इतक्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. त्यामुळे जहाज पाहायला उतरणाऱ्या पाणबुड्याच्या श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर सोडावॉटरची बाटली उघडावी तसे या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, कधी पक्षाघातही होतो. म्हणून वर यायचं ते सावकाश, थांबत थांबत.

जहाजालाही माणसाचा त्रास होतोच. पाणबुड्यांनी सोडलेली हवा छताखाली साचते, तिथलं लोखंड लवकर गंजतं.

त्या रात्री नऊ जणांचा बळी गेला. म्हणून तिथली साधी बंदुकीची गोळीही कुणी उचलू नये.