पांढरा कोट आणि लाल मणी

पुण्यातला १८९७ सालचा प्लेग आपण शाळेत शिकवतो, तो बहुधा रँडच्या खुनाच्या निमित्ताने. आरोग्याचा धडा म्हणून तो क्वचितच शिकवला जातो. त्या वर्षी मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या पेठांमधल्या घरांत शिरून रुग्ण शोधू लागल्या. स्वयंपाकघर, देवघर, बायकांची खोली, काहीच वगळले जाईना. सापडलेल्या रुग्णाला इस्पितळात नेत आणि घरच्यांना छावणीत. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. दरम्यान टिळकांच्या पुढाकाराने हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ निघाले होते.

गंमत अशी, की गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे घर सोडून माळावर झोपडी बांधून राहण्याची लोकांची रीत शास्त्राला धरून होती. संडाशीत पकडावे तसे माणसांना पकडणारी मोहीम मात्र उंदरांकडे पाहतच नव्हती!

आता गडचिरोली जिल्ह्याकडे वळू. तिथे गोंड, माडिया हे आदिवासी राहतात. त्यांच्या भाषा द्राविडी कुळातल्या, तेलुगूच्या नात्यातल्या. मराठीतून ‘काय होतंय?’ असे विचारणारा डॉक्टर त्यांना परकाच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मिळालेली उत्तरे कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाहीत. मोठ्या इमारतीची भीती वाटते. रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांनी राहायचे कुठे? तुमच्या दवाखान्यात देव नाही. आणि डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही तर पांढरे कापड प्रेताला गुंडाळतो, मग पांढऱ्या कपड्यांतली माणसे जीव कसा वाचवणार?

या उत्तरांवर हसणे सोपे आहे. पण आजारी माणसाने दाराशीच माघारी फिरावे, एवढे बळ त्यांत आहे. म्हणून १९९३ मध्ये शोधग्राम इथे उभा राहिलेला दवाखाना आदिवासी खेड्यासारखा बांधला गेला. रुग्णाने नातेवाइकांसह राहावे अशा झोपड्या केल्या आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. प्रतिजैविकांची मात्रा अर्थातच बदलली नाही.

रूढीशी जुळवून घेणे म्हणजे प्रत्येक रूढी मान्य करणे, असा याचा अर्थ नव्हे. मेळघाटात कोरकू समाजात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग देतात. हा प्रकार कोणत्याही कारणाने चालवून घेता येणार नाही. तरीही आईचे निरीक्षण नीट ऐकावे. ‘पोट उडतंय’ असे ती म्हणते, तेव्हा न्यूमोनियात श्वास घेण्यासाठी धडपडणाऱ्या बाळाचे लक्षण तिने अचूक टिपलेले असते. उपचार चुकला, निरीक्षण नाही. आरोग्यसेवकाने तिच्याच शब्दापासून सुरुवात केली, तर ती ऐकून घेईल.

न्यूमोनिया ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक असतील, तर धोका समजावा. पण गावातल्या अनेक सुइणींना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. त्यांना अंकगणित शिकवण्यापेक्षा उपकरण बदलणे सोयीचे ठरले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्यासोबत मण्यांची ओळ. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. पाच हिरवे मणी, सहावा लाल. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. मोठ्या बाळासाठी दुसरी ओळ, तिच्यात चार हिरवे आणि पाचवा लाल. निरक्षर बाईच्या हातात निदान आले!

याच वाटेने पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. घरी जन्मलेल्या बाळाला उबदार कसे ठेवायचे, श्वास घेत नसेल तर काय करायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसे द्यायचे, हे त्या शिकल्या. ३९ गावांत नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ होते, ते तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत अशी घट दिसली नाही. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. २०११ मध्ये नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपवण्यात आले.

मण्यांची ओळ वर्गात सहज करता येते. तारेत सहा मणी ओवावेत आणि वाळूच्या घड्याळाऐवजी सेकंदकाट्याचे घड्याळ घ्यावे. विद्यार्थ्यांनी घरी झोपलेल्या लहान भावंडाचे श्वास मोजून आणावेत. बाळ रडत असेल, तर मोजू नये.