खांद्याएवढ्या पऱ्हाटीत

सप्टेंबर सरत आला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या या वावरात सकाळचे नऊ वाजलेत आणि धुऱ्यावर पाण्याचा निळा ड्रम भरून ठेवला आहे. फवारणीला आलेला मजूर बाटलीचं सील दातांनी तोडतो. बाटलीवर ‘प्रोफेनोफॉस ५० ईसी’ असं छापलेलं आहे. म्हणजे आतला निम्मा माल मूळ विष. उरलेलं ते विरघळवणारं द्रावक आणि पाण्यात मिसळू देणारं रसायन. तो झाकणानं मोजून बादलीत ओततो आणि पिवळसर औषध पाण्याला लागताच पांढरं होतं. तेलकट विषाचे बारीक थेंब पाण्यात तरंगू लागले की असा रंग येतो. उग्र वास धुऱ्यापर्यंत येतो. काडी सापडत नाही म्हणून तो हातानंच ढवळतो.

फवारणीतला सर्वांत घातक क्षण हाच. पंपातलं औषध पातळ झालेलं असतं. बाटलीतलं अजून झालेलं नसतं. त्यातलं द्रावक विषाला कातडीतून आत जायला वाट करून देतं.

“दादा, हातमोजे नाहीत का?”

“हायत ना घरी. घामानं बाटली निसटते जी. अन् पंपामागे पैसे भेटतेत, किती वेळ लावू?”

वावराचा मालक एक पुडी फोडतो, रसशोषक किडींसाठी. मग टॉनिक. तिन्ही एकत्र मारा, असं कृषी केंद्रात सांगितलं होतं. बाटलीच्या चौकोनात खालचा त्रिकोण पिवळा आहे, म्हणजे अति विषारी. लाल असता तर त्याहून जहाल. सूचनांचा घडी घातलेला कागद बारीक अक्षरांत, अनेक भाषांत छापलेला आहे. तो धुऱ्यावर पडला आहे, कोणी उलगडलेला नाही.

बॅटरीचा पंप पाठीवर चढतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खांद्याला लागली आहे, ओळी मिटल्या आहेत. मजूर लान्स पुढं धरून आत शिरतो आणि आत्ताच भिजवलेल्या पानांमधून स्वतःच चालत जातो. शर्ट, मान, ओठ, सगळं ओलं. वारा समोरून आहे, तरी तो ओळ बदलत नाही. नोझल अडकतं तेव्हा ते काढून तोंडानं फुंकतो. मी ओरडतो, पण पंपाच्या आवाजात त्याला ऐकू जात नाही.

“अळी दिसली का भाऊ?” मी मालकाला विचारतो.

“बोंडात हाय. फोडून पायली.”

गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिचं छिद्र बुजतं, फवारा आत पोचत नाही. म्हणूनच कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे असतात. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले तर फवारणीचा विचार करायचा. या वावरात सापळा नाही. आजचं बरंचसं विष अळीला लागणारच नाही, माणसाला मात्र लागतं आहे. किड्याच्या मज्जासंस्थेतलं जे विकर हे औषध बंद पाडतं, तेच विकर माणसातही काम करतं.

याच जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतल्या विषबाधेनं वीसहून अधिक जण गेले, शेकडो दवाखान्यात होते. तेव्हाही पऱ्हाटी अशीच दाट आणि उंच वाढली होती. मृतांत शेतकरी होते तसे मजूरही होते. मजुराच्या अंगावर काय आहे हे पाहणं, पंप भरण्याआधी पाहणं, ज्याचं वावर त्याचं काम आहे असं मी मानतो.

तेव्हा फवारणी लावणाऱ्यांना विनंती: हातमोजे, पूर्ण बाह्यांचा वेगळा शर्ट, साबण आणि स्वच्छ पाणी धुऱ्यावर ठेवा, आणि वारा पाठीशी नसेल तर थांबा. कोणाला मळमळ, घाम, लाळ, अंधुक दिसणं सुरू झालं तर काम तिथंच सोडून, कपडे काढून, अंग धुऊन त्याला दवाखान्यात न्या. बाटली सोबत घ्या. प्रोफेनोफॉससारख्या विषावर ॲट्रोपिनचा उतारा आहे, सगळ्या विषांवर असा उतारा नाही. कोणतं विष आहे हे डॉक्टरांना बाटलीवरूनच कळेल.