हत्तीच्या पायाची देखभाल

घोड्याच्या खुराला नाल ठोकता येते, बैलाला पत्री मारता येते. हत्तीच्या पायाला यातले काहीच चालत नाही. त्याला खूर नसतो. तळव्याला जाड, खरबरीत कातडी आणि तिच्या वर, टाचेच्या बाजूला, चरबी व तंतूंची मोठी गादी असते. पाय टेकला की ही गादी पसरते, उचलला की आवळते. म्हणूनच काही टनांचा हा प्राणी चिखलातून पाय सहज काढून घेतो. आशियाई हत्तीच्या पुढच्या पायाला ५ आणि मागच्या पायाला बहुधा ४ नखे असतात.

तळव्याची कातडी आणि नखे जन्मभर वाढत राहतात. रानात रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या हत्तीची ती आपोआप झिजतात. पाळीव हत्ती मात्र साखळीला बांधून एकाच जागी, कडक फरशीवर किंवा शेण-मुताच्या ओलीत उभा राहिला की कातडी वाढते, तिला भेगा पडतात आणि भेगांत घाण साचून पू होतो. पाळीव हत्तींच्या मरणामागे पायाचे आणि सांध्यांचे आजार हे मोठे कारण आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वनविभागाचा हत्तीकॅम्प आहे. एकेकाळी सागाचे ओंडके ओढणाऱ्या हत्तींच्या परंपरेतला हा कॅम्प. इथले हत्ती चरायला जंगलात सोडले जातात आणि माहूत व चारा कापणारे मदतनीस (चाराकटर) त्यांचा माग काढून त्यांना परत आणतात. पायासाठी याहून चांगला इलाज नाही. तळवा झिजवायला जंगलासारखी कानस दुसरी नाही.

तरीही दर हिवाळ्यात इथे ‘चोपिंग’ होते. जडीबुटी उकळून त्यांचा दाट लेप करतात आणि तो गरम गरम हत्तींच्या पायांना चोपतात. त्या दिवसांत हत्तींना रजा असते आणि कॅम्प पर्यटकांसाठी बंद असतो. लेपाचा गुण आहेच. पण त्या निमित्ताने प्रत्येक तळवा रोज हातात घेऊन पाहिला जातो, हे जास्त मोलाचे. हत्तीच्या औषधोपचाराची परंपरा जुनी आहे. पालकाप्य मुनींच्या नावावरचा ‘हस्त्यायुर्वेद’ हा संस्कृत ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला.

जाणता माहूत आधी नखांच्या मुळाशी पाहतो. हत्तीच्या घामाच्या ग्रंथी तिथेच असतात. निरोगी हत्तीची ती जागा ओलसर दिसते, कोरडी पडली की शंका घ्यावी. मग नखाला तडा, तळव्यात रुतलेला काटा किंवा खडा, पाय टेकताना होणारी टाळाटाळ. वाढलेली कातडी धारदार चाकूने पातळ पापुद्र्यांत काढतात, नखे कानशीने घासतात. घाईने खोल कापले तर रक्त येते आणि हत्ती पुढच्या वेळी पाय देत नाही. म्हणून हुकमासरशी पाय उचलण्याची सवय त्याला लहानपणापासून लावावी लागते. गळू झाले तर ते खालून मोकळे करून कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेट घालून पाय रोज भिजवतात. जखम वरून बुजली आणि आत पू राहिला तर तो हाडापर्यंत जातो, आणि मग उपचार महिनोन्‌महिने चालतात.