टचपॅड रुसतो तेव्हा

लिनक्स टाकलं आणि टचपॅडवर टिचकी मारून क्लिक होईना, की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. बहुधा तो बिचारा निर्दोष असतो. ‘लिबइनपुट’ ही लायब्ररी टिचकीची सोय बहुतेक लॅपटॉपवर मुद्दामच बंद ठेवते. नकळत बोट लागून भलतंच काही उघडू नये म्हणून. सेटिंग्जमधल्या टचपॅडच्या पानावर ती चालू केली की काम फत्ते.

स्लीपमधून उठल्यावर कर्सर गोठला, तर मामला वेगळा. कित्येक टचपॅड आयबीएमने १९८७ साली आणलेल्या पीएस/२ पद्धतीनेच बोलतात आणि त्यांचा कारभार कर्नलमधलं ‘पीएसमाउस’ हे मॉड्यूल पाहतं. टर्मिनलमध्ये ‘सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस’ (टाइप अर्थातच रोमन लिपीत!) ही आज्ञा देऊन ते उतरवायचं, मग ‘-आर’ गाळून तीच आज्ञा पुन्हा द्यायची. पुष्कळदा कर्सर लगेच हलू लागतो.

नव्या यंत्रांत टचपॅड बहुतेकदा ‘आय-टू-सी’ मार्गाने जोडलेला असतो. तिथे हा उपाय लागू पडत नाही. ‘सुडो लिबइनपुट लिस्ट-डिव्हाइसेस’च्या यादीत त्याचं नावच नसेल, तर तो बायोसमध्ये किंवा फंक्शन कीने बंद झालाय का, ते आधी बघावं. नवं कर्नल टाकायचं ते त्यानंतर.