छेद लहान, ऑपरेशन मोठं

सहा-आठ महिन्यांचं बाळ थांबून थांबून कळवळतं, पाय पोटाशी घेतं, मधल्या वेळात मलूल पडून राहतं. आपल्या सोलापुरात अजूनही आधी बेंबीभोवती हिंग लागतो. हिंगाशी आमचं भांडण नाही. पण उलटी हिरवी झाली किंवा शीतून रक्त-आव पडली, की रात्र असली तरी मोहोळ-अक्कलकोटहून सिव्हिल गाठावं. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरलेला असतो, सदऱ्याची बाही आत दुमडावी तसा. रक्तपुरवठा दबतो, आतडं सुजतं, वेळ गेला तर काळं पडतं.

पहिला उपाय ऑपरेशन नव्हेच. गुदद्वारातून हवा किंवा सलाइन दाबाने सोडून शिरलेलं आतडं मागे ढकलतात. बहुतेक बाळं एवढ्यावर सुटतात. डेन्मार्कच्या हर्षस्प्रुंग यांनी १८७६ मध्येच पाण्याच्या दाबाचा हा मार्ग मांडला होता.

नाही जमलं तर दुर्बीण. बेंबीतून कॅमेरा, बाजूला ३ ते ५ मिलिमीटरची दोन छिद्रं. आता गंमत बघा. पोट उघडून करताना सर्जनला शिकवतात : ओढू नकोस, पुढून दाबत मागे सरकव. दुर्बिणीत बोटंच आत नसतात, तेव्हा हलकेच ओढावंच लागतं. म्हणजे नियम आतड्याचा नव्हता, हाताचा होता! आतडं काळं पडलं असेल तर छेद वाढवून तो भाग काढतात. त्याला पालक ‘दुर्बीण फेल गेली’ म्हणतात, ते आम्हाला पटत नाही.

हवेने सुटलेल्या बाळालाही लगेच घरी न्यायची घाई नको. दहात एखाद्याचं आतडं पुन्हा शिरतं.